समुद्रकाठची चालती घरे

पाठीवर घर घेऊन फिरणारे प्राणी कोणते, असा प्रश्न वर्गात टाकला म्हणजे पुढच्या बाकावरून गोगलगाय येते, मधल्या बाकावरून कासव येते, आणि मागच्या बाकावरून एखादा वात्रट विद्यार्थी हटकून आपले दप्तर उचलून दाखवितो. इंग्लंडात उन्हाळा लागला म्हणजे ह्या यादीत माणसाचीही भर घालावी लागते. तेथील कित्येक कुटुंबे आपले घर मोटारीच्या मागे जोडून समुद्राकडे निघतात, एखाद्या मोकळ्या मैदानावर ते उभे करितात, चार-आठ दिवस त्यात राहतात, आणि सुट्टी सरली म्हणजे घर घेऊनच घरी परततात. ह्या चालत्या घरास कॅराव्हॅन म्हणतात. २०२४ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत अशा एका मैदानावर चार रात्री काढण्याचा योग आम्हांस आला. तेथे काय पाहिले ते विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावे, आणि इतकी वर्षे भूगोल शिकवूनही भूगोलाच्याच एका प्रश्नात आम्ही तेथे कसे चुकलो हे लपवून ठेवू नये, ह्या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

वाचताना ग्रेट ब्रिटनचा नकाशा जवळ असावा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवून ते वर वर स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत न्यावे. हद्दीच्या अलीकडचा शेवटचा परगणा तो नॉर्थंबरलंड. त्याच्या दक्षिणेस न्यूकॅसल हे मोठे शहर आहे. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त तेथे सहकुटुंब राहतो. न्यूकॅसलच्या उत्तरेस सुमारे पन्नास मैलांवर सीहाउसेस हे मासेमारीचे बंदर आणि तेथून तीन मैलांवर बँबरो हे गाव आहे. ह्या साऱ्या किनाऱ्यास १९५८ साली 'विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश' म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. त्यामुळे मैलच्या मैल पुळण, तिच्यामागे वाळूच्या टेकड्या, त्यांवर कमरेइतके गवत, आणि मधूनमधून समुद्रात घुसलेला काळा खडक, एवढेच दृष्टीस पडते. अलिबाग साडेअठरा अक्षांशांच्या किंचित वर आहे, हा किनारा साडेपंचावन्नावर. मेच्या अखेरीस तेथे सूर्य पहाटे पावणेपाचच्या आत उगवतो आणि रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. लहान मुलांस झोपवावे कसे, हा तेथील आयांपुढचा मोठाच प्रश्न असतो, कारण 'अजून उजेड आहे' ह्या मुलांच्या म्हणण्यास उत्तर नाही.

चालत्या घराची कल्पना कोठून निघाली, हे थोडक्यात सांगतो. फिरस्ते लोक आणि सर्कसवाले अशा गाड्यांत पूर्वीपासून राहत असत. पण त्यांचा तो संसार होता, हौस नव्हती. हौसेखातर असे घर बांधवून घेऊन ती गोष्ट प्रसिद्धीस आणली ती विल्यम गॉर्डन स्टेबल्स ह्यांनी. हे आरमारातील निवृत्त शल्यवैद्य असून मुलांसाठी साहसाच्या गोष्टी लिहीत असत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल येथील कारखान्यातून सुमारे अठरा फूट लांबीची गाडी करवून घेतली, तिचे नाव 'वाँडरर' म्हणजे भटकी असे ठेविले, आणि दोन घोडे जोडून दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. पुढे १९०१ साली टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या एका शिंप्याने सायकलीवर तंबू लादून फिरणाऱ्यांची मंडळी स्थापिली. १९०७ साली कॅराव्हॅनवाल्यांचीही निराळी मंडळी निघाली. परंतु हे सारे सुखवस्तूंचे किंवा वेड्या छांदिष्टांचे खेळ राहिले असते. गिरणीत व खाणीत काम करणाऱ्यास सुट्टी घेणे म्हणजे मजुरी बुडविणे होते. १९३८ साली पगारी सुट्टीचा कायदा झाला, आणि महायुद्ध संपल्यावर मोटारी स्वस्त झाल्या, तेव्हा कोठे सामान्य कुटुंबे समुद्रकाठी दिसू लागली. मग ती इतकी दिसू लागली की वाटेल त्या शेतात वाटेल तशी घरे उभी राहिली. त्यांस शिस्त लावण्याकरिता १९६० साली कॅराव्हॅनच्या जागांस परवाना घेण्याचे बंधन घालणारा कायदा करावा लागला. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन-पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका राहिलेला नाही.

आता मैदानाची रचना. शुक्रवारी मुलांच्या शाळेस सुट्टी लागली आणि संध्याकाळी आम्ही पोहोचलो. पुतण्याने कॅराव्हॅन भाड्याने घेतली होती. तिला जोडलेल्या मोटारीस साध्या रस्त्यावर ताशी पन्नास मैलांहून अधिक वेग घेण्यास तेथे बंदी आहे, त्यामुळे आम्ही रमतगमत आलो. प्रवेशद्वाराशी नाव नोंदविल्यावर चौकीदाराने क्रमांक दिला. प्रत्येक कुटुंबाची जागा आखलेली. कॅराव्हॅनखाली खडी पसरलेली, तंबूसाठी हिरवळ. एका खांबावरून वीज घ्यावयाची, नळावरून पिण्याचे पाणी भरून आणावयाचे, आणि सांडपाणी व शौचाची पेटी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावयाची. हे शेवटचे काम कुटुंबातील कोणी करावे ह्यावर रोज सकाळी प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये थोडा वाद होतो असे आमच्या पाहण्यात आले. स्नानगृहे, कपडे धुण्याची खोली, भांडी घासण्याचे ओटे ही सामाईक. गाडीच्या आत शिरले म्हणजे आगगाडीच्या डब्याची आठवण होते. दिवसा जे बाक, तेच रात्री बिछाने. मेज दुमडले की भिंत. जिन्नस जेथला तेथे ठेविला नाही तर पाय टाकण्यास जागा नाही.

दोन बिऱ्हाडांमध्ये अंतर किती असावे? आमच्या डोळ्यांस ते उगाच जास्त वाटले. सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट! चाळीत वाढलेल्या आम्हांस ही जागेची उधळपट्टी वाटली. चौकीदारास विचारले तेव्हा त्याने वाऱ्याकडे बोट दाखविले. तंबूचे कापड पेटले तर ते बोलता बोलता भस्म होते, आणि समुद्राचा वारा ठिणगी शेजारी पोहोचवितो. ते सहा मीटर म्हणजे आगीने ओलांडू नये अशी खाई होय.

त्याच रात्री आमची पहिली फजिती झाली. कोळशाच्या लहान शेगडीवर कणसे भाजणे चालले असता पाऊस आला. शेगडी विझवावी असे कोणाच्या मनात येईना. थंडीही वाजत होती. आम्ही म्हणालो, ही तंबूच्या ओसरीत घ्यावी, म्हणजे कणसेही होतील आणि ऊबही मिळेल. पुतण्याने हात धरला. "काका, हे सोडून काहीही सांगा," एवढेच तो म्हणाला आणि शेगडी उचलून पावसात लांब ठेवून आला. त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. कोळसा धुमसत असता त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्यालाच हा वायू घट्ट चिकटून बसतो, आणि माणूस श्वास घेत असतानाच गुदमरतो. आधी डोके जड होते, मग झोप येते. थकलेल्या माणसास ती नेहमीचीच झोप वाटते. ज्वाला विझल्यावरही निखाऱ्यांतून तो निघतच राहतो. तंबूत शेगडी घेऊन झोपलेली माणसे सकाळी न उठल्याचे प्रसंग त्या देशात घडले आहेत. आपल्याकडेही थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेविल्याने असेच घात होतात, हे पालकांनी विसरू नये. ती रात्र आम्ही दोन घोंगड्यांत काढली.

दुसरे दिवशी, म्हणजे शनिवारी, लिंडिस्फार्न बेटावर जाण्याचे घाटत होते. येथेच आमची भूगोलाची चूक झाली, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

लिंडिस्फार्न हे दिवसातून दोनदा बेट होते आणि दोनदा मुख्य भूमीस जोडले जाते. मध्ये जी खाजणाची सपाट जमीन आहे तीवरून जाणारा मोटारीचा रस्ता १९५४ साली पुरा झाला. पण तो भरतीत पाण्याखाली जातो. अलिबागचा कुलाबा किल्ला किंवा मुंबईतील हाजीअलीची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे समजावून सांगावयास नको. भरतीच्या आधी सुमारे दोन तास वाट बंद होते आणि भरतीनंतर तीन-साडेतीन तासांनी मोकळी होते. तेव्हा भरती केव्हा, एवढे कळले म्हणजे काम झाले.

आम्ही कोकणचे. भरतीची वेळ काढण्याची रीत आम्हांस वडिलांनी शिकविलेली: तिथीची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून भरती पावणेचारास. अष्टमी असेल तर सहास. कोकणच्या किनाऱ्यावर ही रीत ढोबळ मानाने बरोबर उतरते, आणि तिचे कारणही सोपे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते; चंद्र आकाशात रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडतो; म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, हा त्याचाच व्यवहारी हिशेब. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा पाणी फार चढते व फार उतरते. त्यास आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास ते आडवे-उभे ओढतात, चढउतार थोडा होतो. त्यास कोळी लोक भांग म्हणतात.

शनिवारी वैशाख वद्य द्वितीया होती. आम्ही तंबूच्या दारात बसून बोटांवर हिशेब केला. दोनाची पाऊणपट दीड. भरती दुपारी दीडला. साडेअकरापासून पाचपर्यंत वाट बंद. म्हणून दुपारी विश्रांती घ्यावी, पाचला बेटावर जावे, आणि लांब संध्याकाळ तेथे काढून परत यावे. कार्यक्रम सर्वांस पसंत पडला. फक्त पुतण्याच्या नऊ वर्षांच्या मुलीस पसंत पडला नाही. ती उठली, कचेरीच्या भिंतीवर लावलेला भरतीचा तक्ता पाहून आली, आणि म्हणाली, "आजोबा, पाचला तर रस्ता समुद्रात असेल."

तक्त्यातील भरती आमच्या हिशेबाच्या दोन-अडीच तास मागाहून होती. चूक कोठे झाली? विद्यार्थ्यांनी येथे पुस्तक मिटून क्षणभर विचार करावा. एक तास तर घड्याळाचा होता: इंग्लंडात उन्हाळ्यात सर्व घड्याळे एक तास पुढे करितात, आणि चंद्रास तो कायदा लागू नाही. उरलेली चूक अधिक महत्त्वाची. भरतीची लाट महासागरातून निघून प्रत्येक किनाऱ्यास निरनिराळ्या वेळी पोहोचते. ती उत्तर समुद्रात स्कॉटलंडच्या वरून वळसा घालून उतरते, आणि किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे व पाण्याच्या खोलीप्रमाणे तिला उशीर होत जातो. रोज पाऊण-पाऊण तास मागे पडण्याचा नियम सर्वत्र सारखा. परंतु मोजणी कोणत्या तासापासून सुरू करावयाची तो तास प्रत्येक बंदराचा स्वतःचा असतो. वडिलांनी दिलेली रीत चुकीची नव्हती. ती कोकणची होती, आणि आम्ही ती सामानात भरून पाच हजार मैलांवर नेली होती.

तरीही खातरजमा करावी म्हणून आम्ही पाचाच्या सुमारास मुख्य भूमीच्या काठापर्यंत मोटारीने गेलो. डांबरी रस्ता उतारावरून सरळ खाली जात होता आणि पुढे पाण्यात शिरत होता. पलीकडे दूर बेट, मध्ये करडे पाणी, आणि त्यातून वर आलेली एक पांढरी लाकडी खोली, उंच खांबांवर उभारलेली, खाली शिडी असलेली. वाटेत अडकलेल्या माणसाने मोटार सोडून वर चढून बसावे म्हणून ती बांधली आहे. शेजारच्या फलकावर पाण्यात बुडालेल्या मोटारीचे चित्र होते. दरवर्षी कोणी ना कोणी अडकतो आणि त्यास सोडविण्यास जीवरक्षक नौका पाठवावी लागते. बहुतेकांची समजूत अशी असते की पाणी समोरून येईल आणि आपणांस दिसेल. ते खाजणातल्या ओहोळांतून भरत भरत बाजूने आणि मागून येते. आमच्यामागे एक मोटार आली, थांबली, आणि वळून गेली. आमच्या मोटारीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मुलगीही नाही, तिचे हे सौजन्य आम्ही विसरणार नाही.

रविवारी सकाळी तक्ता पाहून, वाट मोकळी झाल्यावर नऊच्या सुमारास आम्ही पलीकडे गेलो आणि दोनच्या आत परतलो. इ. स. ६३५ मध्ये एडन नावाच्या साधूने ह्या बेटावर मठ स्थापिला. ७९३ मध्ये उत्तरेकडील व्हायकिंग चाच्यांनी तो लुटला. मठात इ. स. ७०० च्या सुमारास हाताने लिहिलेली व रंगविलेली शुभवर्तमानांची पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. बेटाच्या टोकास खडकावर एक लहानसा किल्ला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो राहण्याजोगा करून देणारे वास्तुशिल्पी एडविन लट्येन्स. पुढे दिल्लीचे राष्ट्रपतिभवन ज्यांनी उभारिले तेच हे. मुलांस मात्र किल्ल्यापेक्षा काठावर पालथ्या घालून कोठ्या केलेल्या जुन्या होड्याच अधिक आवडल्या, आणि आम्हांसही.

सोमवारी सीहाउसेसच्या धक्क्यावरून होडीने फार्न बेटांस गेलो. ओहोटीच्या वेळी ही बेटे व खडक मिळून सुमारे अठ्ठावीस मोजता येतात. भरतीत त्यांतील कित्येक दिसेनासे होतात. १९२५ पासून ती नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेकडे आहेत. पफिन नावाचा पक्षी, उंचीने वीतभर, चोच लाल-पिवळी, चाल एखाद्या घाईतल्या कारकुनाची, तेथे जमिनीत बिळे करून राहतो. २०२२ साली पक्ष्यांत साथीचा रोग पसरल्यामुळे बेटांवर उतरण्यास बंदी झाली होती. इनर फार्न हे बेट २०२४ च्या वसंतात पुन्हा खुले झाले, म्हणून आम्हांस तेथे पाय ठेविता आला. पाय ठेविण्याआधी डोक्यावर टोपी ठेवावी लागते. आर्क्टिक टर्न, म्हणजे आपला सुरय पक्षी ज्या कुळातला त्याच कुळातला एक, पायवाटेच्या अगदी कडेस अंडी घालतो आणि येणाऱ्याच्या डोक्यावर टोच मारतो. आमची टोपी वेताची नसून कापडाची होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पण ज्याने टोच मारली त्याचा राग धरणे कठीण. १९८२ साली ह्याच बेटांवर पायात कडे घातलेले ह्या जातीचे एक पिल्लू तीनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे आढळले. ते पक्षी दरसाल दक्षिण ध्रुवाकडील समुद्रापर्यंत जाऊन परत येथेच येतात.

बेटांच्या बाहेरच्या टोकास लाँगस्टोन खडकावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे दीपगृह आहे. होडीवाल्याने तेथे यंत्र बंद केले आणि मुलांस ग्रेस डार्लिंगची हकीकत सांगितली. १८३८ च्या सप्टेंबरच्या ७ तारखेस पहाटे फॉरफरशायर ही हल्हून डंडीस निघालेली आगबोट वादळात ह्या बेटांपैकी एका खडकावर आपटून दुभंगली. दीपगृहाच्या रक्षकाची मुलगी ग्रेस हिने वरच्या खिडकीतून ते पाहिले. ती बावीस वर्षांची होती. उजाडल्यावर खडकावर माणसे हालताना दिसली, तेव्हा बाप आणि मुलगी वल्ह्यांची लहान होडी घेऊन निघाली. सरळ वाट लाटांनी बंद होती. बेटांच्या आडोशाने वळसा घेत त्यांना जवळजवळ मैलभर वल्हवावे लागले. खडकापाशी बाप उतरला आणि माणसांस आधार देऊ लागला. तेवढा वेळ होडी एकटीने लाटांत सांभाळून धरिली ती ग्रेसने. दोन खेपांत नऊ जण वाचले. चाळीसांहून अधिक बुडाले. खडकावरच्या एका आईच्या हातांत तिची दोन मुले होती, ती आधीच गेली होती.

पुढे देशभर ग्रेसचे नाव झाले, राणी व्हिक्टोरियाने पन्नास पौंड पाठविले, बाप-लेकीस रौप्यपदके मिळाली. चार वर्षांनी, १८४२ साली, ती क्षयाने वारली. बँबरोच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे आणि समोरच्या लहान संग्रहालयात ती होडी ठेविली आहे. लांबी सुमारे एकवीस फूट. चित्रात ती मोठी वाटते. समोर उभे राहिले म्हणजे मनुष्य मुकाट्याने तिच्या फळ्या मोजू लागतो.

बँबरोचा किल्ला मात्र कोठूनही मोठाच दिसतो. ज्या काळ्या खडकावर तो उभा आहे तो आपल्या सह्याद्रीच्या दगडाचा दूरचा भाऊ. तोही तप्त रसाचाच झाला, परंतु भूपृष्ठावर न वाहता जमिनीच्या पोटातच थरांमध्ये घुसून निवला. वयाने तो सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षांचा, आपला सह्याद्री साडेसहा कोटींच्या घरात. १८९४ साली न्यूकॅसलचे कारखानदार लॉर्ड आर्मस्ट्राँग ह्यांनी किल्ला विकत घेऊन दुरुस्त केला. लढायांची वर्णने तेथे विपुल आहेत, ती येथे देत नाही. आमचे लक्ष वेधले ते अठराव्या शतकातील जॉन शार्प ह्या धर्मोपदेशकाने. एका धर्मादाय निधीचा व्यवस्थापक ह्या नात्याने त्याने ह्या किल्ल्यात शाळा काढिली, दवाखाना काढिला, गरिबांस धान्य दळून देण्यास पवनचक्की उभारिली. आणि वादळी रात्री किनाऱ्यावर घोडेस्वारांची गस्त ठेविली. गलबत संकटात दिसले की किल्ल्यावरून तोफेने इशारा होई, आणि बुडता वाचलेल्या खलाशास किल्ल्यातच अन्न व बिछाना मिळे. १७८६ साली लायनल ल्यूकिन नावाच्या कारागिराकडून त्याने एक होडी न बुडणारी अशी करवून घेतली. जीवरक्षक नौकांच्या इतिहासात तिचे नाव आरंभी येते. सबंध देशासाठी अशी संस्था स्थापन व्हावयास १८२४ साल उजाडावे लागले.

आसपास पाहण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. आनिक येथील किल्ल्यात हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटांतील उडत्या केरसुणीचे प्रसंग घेतले, म्हणून मुलांची तेथे रीघ असते. क्रॅस्टरला हेरिंग मासे पाठीतून चिरून ओकच्या लाकडाच्या धुरावर टांगतात; आपले बांगडे उन्हात सुकतात, तेथे ऊन भरवशाचे नसल्यामुळे धुराची योजना. चव खारट, गोड नव्हे; भाकरी असती तर, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

राहिला समुद्रस्नानाचा प्रश्न. ऐन उन्हाळ्यातही तेथील पाणी चौदा-पंधरा अंशांच्या फारसे वर जात नाही. अशा पाण्यात एकदम उडी घेतली म्हणजे श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर चांगला पोहणाराही बुडतो. ह्यास तेथे शिकवितात तो उपाय असा: धडपडू नये, उताणे होऊन कान पाण्यात जाऊ द्यावेत, हातपाय हळू हलवीत तरंगावे, आणि श्वास ठिकाणावर आल्यावर मग पोहावे किंवा हाक मारावी. जेथे जीवरक्षक असतात तेथे पुळणीवर लाल-पिवळी निशाणे लावून पोहण्याची हद्द दाखविलेली असते. लाल निशाण म्हणजे पाण्यात उतरावयाचेच नाही. नारिंगी कापडी नळी फडकत असली तर वारा जमिनीकडून समुद्राकडे आहे असे समजावे. मग हवा भरलेल्या तराफ्यांवर मुलांस बसवू नये, कारण ते किनाऱ्यावरून परके होत जातात आणि मुलांस कळतही नाही.

मुरुडच्या पुळणीवर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. आमच्या वर्गातील मुलांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती, आणि पुढच्या सहलीच्या वेळी एका पालकांनी आम्हांस विचारले होते की गुरुजी, भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे तुम्ही कोणास विचारून ठरविता? त्या वेळी आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने पाऊणपटीची रीत सांगितली. आता सांगावयाचे झाल्यास रीत सांगू, आणि तीशिवाय त्या गावच्या कोळ्यास विचारू व छापील तक्ताही पाहू.

मंगळवारी सकाळी खुंट्या उपटल्या. तंबूच्या जागी पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन राहिला. चौकीदाराने तो पाहिला, आणि पुढच्या कुटुंबास शेजारची जागा दिली, म्हणजे ह्या गवतास चार दिवस ऊन मिळेल. निघताना त्या मुलीने भरतीच्या तक्त्याची एक प्रत मागून घेऊन आमच्या हाती दिली. ती आम्ही शाळेच्या भूगोलाच्या खोलीत लाविली आहे. २०२४ ची असल्यामुळे आज ती कोणाच्याही उपयोगाची नाही. तिच्या शेजारी मुंबई बंदराचा चालू वर्षाचा तक्ता लावण्यास जागा मोकळी ठेविली आहे. इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी तो आणून, महिनाभर रोज पाऊणपटीची रीत त्याच्याशी ताडून, किती मिनिटांचा फरक पडतो ते खाली लिहावे.